पाटापलीकडची पावलं

भाऊजींचा फवारणीचा सदरा मी वेगळ्या बादलीत भिजवते. त्या बादलीत दुसरा कपडा पडत नाही आणि तिचं पाणी कुंड्यांना घालायचं नाही, हे आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. त्या शनिवारी सकाळी एक बाही चोळून झाली होती, दुसरी फेसात तशीच पडली होती, आणि भाऊजींच्या मळ्यावरच्या मुकादम बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी बाई बोलत बोलतच आत शिरतात आणि चहा झाला का म्हणून आधी विचारतात. त्या दिवशी त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही.

“ताई, तुमच्या दिरांना जरा सांगा,” त्या म्हणाल्या. “सोमवारी तपासणीच्या मॅडम येणार. कांद्याच्या प्लॉटात काळी वेल वर चढलीय. माझ्या बायका उतरायला तयार नाहीत, आणि हे स्वतः उपटत नाहीत की दुसऱ्याला उपटू देत नाहीत.”

“बायका का उतरत नाहीत?”

बाईंनी एकदा रस्त्याकडे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ती वेल रांगेनं उगवलीय ताई. पावलांच्या रांगेनं. बायका म्हणतात, धाकट्या वहिनींची पावलं आहेत.”

माझ्या हातावरचा फेस तसाच वाळला. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. तिला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

भाऊजींचं काम काय ते सांगितल्याशिवाय ही पावलं म्हणजे काय ते कळायचं नाही. ह्यांचे हे धाकटे भाऊ भाजीपाल्याचं बियाणं पिकवणाऱ्या एका मळ्यावर तणनाशक मारतात. खायची भाजी वेगळी आणि बियाण्याची वेगळी. खायच्या पालकात गवताच्या काड्या आल्या तर आपण निवडताना बाजूला काढतो. बियाण्यात तणाचं बी गेलं तर ते पिशवीत बसून कुणाकुणाच्या शेतात जाऊन उतरेल, त्याचा पत्ता लागत नाही. त्यातही कांद्याचं बी आणि काळ्या वेलीचं बी ही जोडी फार वाईट. दोन्ही काळी, दोन्ही कोनदार, दोन्ही वजनाला सारखी. चाळणीनं वेगळी होत नाहीत, पंख्याच्या वाऱ्यानं उडत नाहीत. म्हणून ती वेल शेतातच उगवू द्यायची नाही.

त्यासाठी कांदे लावून हलकं पाणी दिलं, की ओल्या जमिनीवर औषध मारतात. दुधावर साय धरते तसा त्या औषधाचा मातीवर पातळ पडदा धरतो आणि त्यातून तण वर येत नाही. पण तो पडदा मोडायचा नाही. कुणी त्यावर पाय दिला, की जिथे पाऊल रुतलं तिथेच, तेवढ्याच जागेत, तण उगवतं. सगळा प्लॉट स्वच्छ आणि मधूनच हिरवी पावलं. भाऊजींच्या धंद्यात याच्याएवढी लाजेची गोष्ट दुसरी नाही.

म्हणून भाऊजी उलटे चालतात. पाठीवर पंप, हातात नळी, तोंड फवारलेल्या मातीकडे, आणि एकेक पाऊल मागे. बाकीची माणसं कुठे जायचंय ते बघत चालतात, भाऊजी काय करून झालं ते बघत चालतात. आमची मुलं त्यांना उलटे काका म्हणतात. आमचे हे भाड्याचा टेम्पो चालवतात, ते म्हणायचे, “आमच्या आईच्या नशिबात पुढे जाणारा मुलगाच नाही. एक टेम्पो मागे घेतो, दुसरा स्वतःच मागे जातो.”

पण टेम्पोला आरसा असतो. भाऊजींना मागचा बांध, दगड, पाट हे सांगायला कुणीतरी लागायचं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते पंपासकट पाटात उताणे पडले, आणि दुसऱ्या दिवसापासून धाकटी त्यांच्या पाठीमागून चालायला लागली. टेम्पो मागे घेताना क्लीनर ओरडतो तशी ओरडायची, “येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे... येऊ द्या... बस!” आणि ‘बस’ म्हणताना पंपावर अशी थाप मारायची की बांधावरच्या बायका हसून लोटपोट व्हायच्या. मी एकदा तिला म्हटलं, “अगं, चारचौघांत नवऱ्याला गाडीसारखं काय हाकतेस?” तर म्हणाली, “मग काय करू ताई, ह्यांना ब्रेक आहे, पण तो माझ्याकडे आहे.”

तिचा आवाज पातळ होता आणि लांबपर्यंत जायचा. वारा आमच्या बाजूचा असला की घरात ऐकू यायचं. सासूबाई म्हणायच्या, “चाललीय हो गाडी.”

गेल्या वर्षी असंच कांद्यावर औषध मारताना ‘येऊ द्या’ थांबलं आणि ‘बस’ आलंच नाही. भाऊजी उभे राहिले. पुढे पाऊल टाकता येईना, कारण समोर ओला पडदा. मागे टाकता येईना, कारण कुणी सांगेना. बांधावर कुणाशी बोलत उभी राहिली असेल असं त्यांना वाटलं. ते तसेच वाट बघत राहिले. शेवटी मान वळवली तेव्हा ती पाठीमागे, बांधाच्या कडेला पडलेली होती.

डोक्यातली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. औषधाशी याचा संबंध नाही, तुम्ही लगेच वळून पाहिलं असतंत तरी काही हातात नव्हतं. भाऊजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मी किती वेळ उभा होतो?”

त्यानंतर घरातली एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. भाऊजी ‘बस’ म्हणत नाहीत. जेवताना वाढणारा वाढत असला की आपण सगळेच म्हणतो, बस, बस. ते नुसता ताटावर हात धरतात. एकदा ह्यांनी थट्टेत तो हात बाजूला केला आणि भात वाढतच नेला. “बोल की! तोंड आहे ना? बोलेपर्यंत वाढणार.” भाऊजींनी मान खाली घातली आणि तेवढा सगळा भात खाल्ला. सासूबाई ताटावरून उठून आत गेल्या. हे हातात भांडं धरून तसेच उभे. पुन्हा ती थट्टा कुणी केली नाही.

आणखी एक. खोलीतून बाहेर जाताना भाऊजी अजूनही पुष्कळदा खोलीकडे तोंड करून मागे सरकतात आणि उंबऱ्याशी येऊन थांबतात. कुणी काही बोललं, नुसतं ‘निघालात का’ म्हटलं, तरी वळून जातात. कुणी नसलं तर तिथेच. मी कितीदा स्वयंपाकघरातून हात पुसत आले तर हे दारात पाठमोरे उभे, आणि मी दिसले की असं बघतात, जसं काही मी भलतीच कुणीतरी निघाले.

तर मी सदरा बादलीतच सोडला, देवापुढचा दिवा नीट केला आणि मुकादम बाईंबरोबर निघाले. देवावर माझा विश्वास आहे आणि म्हणूनच मी भुताखेतांना मनात थारा देत नाही. वाटेत नाम घेत गेले. बाई मात्र बोलत होत्या. “ताई, मीसुद्धा मानत नाही हो. पण ज्याच्या सात पिढ्यांत कुणी मानलं नाही, तो माणूसही ती रांग बघून जरा बाजूनंच चालेल.”

कांद्याचे गोंडे ऐन फुलात होते. पांढरे, गोल, छातीएवढ्या उंचीवर, आणि त्यांच्यावर माश्यांचा असा घुमघुमाट की बोललेलं ऐकू येऊ नये. खालची जमीन सारवल्यासारखी स्वच्छ. आणि त्या स्वच्छ जमिनीतून हिरव्या झुपक्यांची एक ओळ निघालेली. एक झुपका डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक झुपक्यातून वेल वर निघून जवळच्या कांद्याच्या दांड्याला विळखे घालून गोंड्यापर्यंत पोचलेली. पावलांना हात फुटावेत तशी.

बायका बांधावर बसल्या होत्या.

“बघितलं ना काकू? आता सांगा.”

“कुत्रं गेलं असेल गं,” मी म्हटलं.

“दोन पायांवर?”

“मग मालक गेले असतील.”

“मालक? मालक बांधाखाली उतरलेत कधी? बूट मळतील त्यांचे.” सगळ्या हसल्या, पण एकीनंही पाय खाली सोडला नाही.

मी ओळीच्या कडेकडेनं चालत गेले. प्लॉटाच्या मधोमध आडवा पाट आहे. ओळ थेट पाटापर्यंत गेली होती. मी पाट ओलांडला, आणि तिथे माझं नाम तोंडातच राहिलं. पलीकडेही ओळ होती. पाटाच्या काठापासून पलीकडच्या बांधापर्यंत. पण ही पावलं जवळजवळ होती, लहान झुपक्यांची, अलीकडच्या ओळीपेक्षा कितीतरी कमी अंतराची. दोन माणसं दोन टोकांनी निघून पाटाशी येऊन थांबावीत, तशा त्या दोन ओळी.

भाऊजी पलीकडच्या बांधावर बसले होते. शेजारी खुरपं. पातं कोरडं.

“कुणी बोलावून आणलं? बाईंनी?” ते म्हणाले. “त्यांना दम निघत नाही.”

“सोमवारी मॅडमना वेल दिसली तर काय होईल?”

“प्लॉट नापास. मालकांनी सांगितलंय, प्लॉट गेला तर पुढच्या हंगामाला दुसरा फवारणीवाला बघतील.”

“मग आता औषध मारता येत नाही?”

“आता कसलं औषध, वहिनी? फुलात मारलं तर कांदाही जळेल आणि माश्याही मरतील. आता हातानंच.”

“मग हात का चालत नाही?”

एक माशी त्यांच्या मनगटावर बसली, तिला त्यांनी हाकललं नाही. मग म्हणाले, “पाटापर्यंतची माझी आहेत.”

“काय?”

“पावलं. अलीकडची. माझी.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते मलाच खरं वाटणार नाही.

“हा पाटापलीकडचा भाग मी आदल्या दिवशी मारला होता. अलीकडचा दुसऱ्या दिवशी. एकटाच. पाटापासून सुरुवात केली आणि मागे मागे रस्त्याकडे येत होतो. मध्येमध्ये थांबून मान वळवून बघत होतो, काही अडचण नव्हती. कोवळं ऊन होतं, ओल्या मातीतून वाफ निघत होती. आणि ‘येऊ द्या’ ऐकू आलं. वहिनी, ती नेहमी पाठीमागून बोलायची. त्या दिवशी आवाज समोरून आला. पाटाच्या पलीकडून. पाठीमागून आला असता तर मी मागे गेलो असतो. समोरून आला, म्हणून पुढे गेलो. इतक्या वर्षांत फवारलेल्या जमिनीवर पाय दिला नव्हता. त्या दिवशी पाटापर्यंत चालत गेलो, बूट रुतत होते तरी. तिथे थांबलो. पलीकडे काही नव्हतं. नुसती वाफ.”

“मग?”

“मग बांधावरून परत आलो. मोडलेल्या जागी पुन्हा औषध मारायला हवं होतं. पंपात शिल्लक नव्हतं आणि बाईंना सांगायची लाज वाटली. म्हटलं, उगवेल तेव्हा गुपचूप उपटून टाकू. पण उगवली तेव्हा पलीकडेही उगवली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पलीकडची कुणाची, ते मला विचारू नका. मी पाट ओलांडला नव्हता.”

मला पुष्कळ उत्तरं सुचली. कुणी गवत कापायला आली असेल. कुणाची शेळी शिरली असेल आणि ती हाकायला कुणी धावली असेल. यातलं एकही मी बोलले नाही, कारण ही सगळी उत्तरं त्यांनीही स्वतःला देऊन पाहिली असणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“बायका म्हणायला लागल्या, धाकट्या वहिनींची पावलं,” ते म्हणाले. “आधी राग आला. मग बरं वाटायला लागलं. रोज येऊन बघायचो. वाढत होती ना. घरात तिचं काही वाढत नाही आता.”

मी पदर तोंडाला लावला आणि माश्या घुमत राहिल्या.

थोड्या वेळानं मी म्हटलं, “भाऊजी, वेलीला फुलं आलीत. आता बी धरेल. ते बी पिशवीत जाईल आणि पुढच्या वर्षी कुणा परक्या बाईच्या शेतात उगवेल. ती बाई कंबर मोडून खुरपत बसेल आणि ज्यानं हे पाठवलं त्याला शिव्या घालेल. धाकटीच्या नावानं शिव्या पडलेल्या चालतील तुम्हाला?”

“तिला चालल्या नसत्या,” ते म्हणाले.

“मग उद्या मी येते. बायकांना सांगू नका.”

रविवारी सकाळी सासूबाईंना नाश्ता देऊन मी गेले. भाऊजी आधीच पोचले होते आणि अलीकडच्या ओळीला लागले होते. काळी वेल नुसती ओढून भागत नाही. दांड्याभोवतीचा विळखा उलटा फिरवत सोडवायचा, नाहीतर गोंडा मोडून हातात येतो. मग मूळ खुरप्यानं खालून उचलायचं. उपटलेली वेल तिथे टाकायची नाही, गोणीत भरायची. मी विळखे सोडवत होते, ते मुळं काढत होते. स्वतःची पावलं त्यांनी भराभर काढली, चिडल्यासारखी. मध्येच म्हणाले, “बघा, किती वाकडा चाललोय. दारू प्यायल्यासारखा.” मला हसू आलं आणि हसल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं.

पाटाशी आल्यावर ते थांबले. पाण्याची धार बारीक होती, लहान मूलही ओलांडेल अशी. ते काठावर उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे. मी काही बोलायला हवं होतं का? माझ्या ओठांवर ‘येऊ द्या’ आलं होतं, खरं सांगते, पण ते माझं नव्हतं. भाऊजींनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काठावर ठेवले आणि अनवाणी पलीकडे गेले.

पलीकडच्या ओळीला त्यांनी मला हात लावू दिला नाही. विळखेही स्वतःच सोडवले, एकेक, नखानं. मुळं हातानंच काढली, खुरपं लावलं नाही. मी गोणीचं तोंड धरून मागून चालत होते. मधल्या एका झुपक्याशेजारी मी माझं पाऊल ठेवून बघितलं. तो झुपका माझ्या पावलाहून लहान होता. आमच्या घरात माझ्याहून लहान पाऊल एकीचंच होतं. मी पाय लगेच उचलला आणि देवाचं नाव घेतलं, मनातल्या मनात.

बांधाजवळचा शेवटचा झुपका राहिला तेव्हा भाऊजी थबकले. मान किंचित तिरकी केली.

“काही म्हणालात का, वहिनी?”

“नाही.”

“बरं,” ते म्हणाले, आणि तो झुपकाही उपटला.

सोमवारी तपासणीच्या मॅडम आल्या. शांत स्वभावाच्या, गोंडे हातात धरून नीट बघणाऱ्या बाई. पाटाच्या दोन्ही बाजूंना माती उकरलेली दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, आणि भाऊजींनी सरळ सांगितलं, “इथे काळी वेल होती. माझा पाय पडला होता.” मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला, असं मुकादम बाई म्हणाल्या. मॅडमनी त्या पट्ट्यातला एकही गोंडा बियाण्यासाठी धरायचा नाही असं लिहिलं आणि बाकीचा प्लॉट पास केला. मालकांनी भाऊजींना पुष्कळ सुनावलं. काम मात्र ठेवलं. त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना दोरी बांधलीय. दोरीच्या आतले गोंडे तसेच वाळतील.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहू शकले असते. पण काल संध्याकाळी दिवा लावताना मी त्यांना विचारलं, “अजून ऐकू येतं का?”

“येतं,” ते म्हणाले. “पाठीमागूनही येतं आता, समोरूनही. खरं कोणतं ते कळायला हवं, नाहीतर मी पुन्हा कुणाच्यातरी शेतात पाय देईन.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “मग कुणी जिवंत माणूस ठेव की पाठीशी.” म्हाताऱ्या माणसाचं असं असतं, आम्ही वर्षभर ज्याच्याभोवती फिरत होतो ते त्यांनी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. भाऊजी आत जाऊन त्यांच्याशेजारी बसले. मग म्हणाले, “जी येईल तिनं ‘येऊ द्या’ म्हणायचं नाही. दुसरं काहीही म्हणावं.”

आज सकाळी धुतलेला सदरा घालून ते निघाले. दारात थांबले नाहीत. गाजराच्या प्लॉटावर या आठवड्यात फवारणी आहे. पाठीमागून वाट सांगायला एक बाई मिळेल का, ते विचारायला ते मुकादम बाईंकडे गेले आहेत.